नोकरी सांभाळून पुढचं शिक्षण: खान्देशातल्या शिक्षकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उन्हाळी सुट्टी लागली की जळगाव, धुळे, नंदुरबारच्या शिक्षक बंधू-भगिनींचे फोन सुरू होतात. प्रश्न बहुतेक तेच असतात. कोणता कोर्स करू, कुठून करू, परवानगी लागते का, उपयोग होईल का. आपल्या भागात घरातला पहिला पदवीधर असलेले शिक्षक पुष्कळ आहेत. त्यांना हे सांगणारं घरात कोणी नसतं आणि शाळेत ज्याला त्याला आपलंच खरं वाटतं. म्हणून ही उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत.

बी.एड., एम.ए., एम.एड., डी.एस.एम., सेट… आधी काय करू?

आधी कोणत्या खुर्चीवर जायचंय ते ठरवा, कोर्स मग आपोआप ठरतो. बहुतेक जण उलटं करतात. शेजारच्या सरांनी फॉर्म भरला म्हणून आपणही भरतात आणि दोन वर्षांनी विचारतात, "आता याचं काय करू?"

डी.एड.वर जिल्हा परिषदेत लागलेल्या शिक्षकासाठी पहिली पायरी म्हणजे पदवी. ती नसेल तर सहावी ते आठवीचा विषय शिक्षक नाही आणि केंद्रप्रमुखही (आसपासच्या शाळांच्या गटाचा पर्यवेक्षक) नाही. पदवी असेल तर बी.एड. माध्यमिकला शिकवायचं तर पदवी आणि बी.एड. हवंच. कनिष्ठ महाविद्यालयात जायचं तर त्या विषयाची पदव्युत्तर पदवी किमान ५० टक्क्यांनी आणि सोबत बी.एड. वरिष्ठ महाविद्यालयाचं स्वप्न असेल तर पदव्युत्तरला ५५ टक्के, राखीव प्रवर्गाला ५० टक्के, आणि वर सेट किंवा नेट, म्हणजे महाविद्यालयात शिकवण्यासाठीची राज्याची किंवा राष्ट्रीय पात्रता परीक्षा. अध्यापक महाविद्यालयात शिकवायचं असेल तर एम.एड.चा विचार करा. डी.एस.एम., म्हणजे शालेय व्यवस्थापन पदविका, मुख्याध्यापकाचं काम समजून घ्यायला चांगली आहे, पण ती बी.एड.ची जागा घेत नाही.

पदवी मिळाली की पगार वाढतो का?

नाही. हा गैरसमज सगळ्यात जास्त पसरलेला आहे. शाळेत पगार पदाला असतो, कागदाला नसतो. सातव्या वेतन आयोगात प्राथमिक शिक्षकाचा एस-१० स्तर २९,२०० रुपयांपासून सुरू होतो, माध्यमिकच्या प्रशिक्षित पदवीधराचा एस-१४ हा ३८,६०० पासून आणि कनिष्ठ महाविद्यालयाचा एस-१६ हा ४४,९०० पासून. प्राथमिकच्या शिक्षकाने एम.ए., बी.एड. केलं तरी वरच्या पदावर नेमणूक होईपर्यंत तो एस-१० वरच राहतो. नवी नेमणूक शिक्षण सेवक म्हणून झाली तर पहिली तीन वर्षं मानधनच. प्राथमिकला १६,००० रुपये, माध्यमिकला १८,००० आणि उच्च माध्यमिकला २०,०००. चालू नोकरी सोडून वरच्या जागेसाठी अर्ज करणाऱ्यांनी हा हिशेब आधी घरात बसून करावा. बँकेचा हप्ता चालू असेल तर नक्कीच.

मग चटोपाध्याय आणि निवड श्रेणीचं काय?

इथे मात्र शिक्षणाचा थेट संबंध येतो. बारा वर्षांनी मिळणाऱ्या वरिष्ठ वेतनश्रेणीला आपल्याकडे अजून चटोपाध्यायच म्हणतात. तिच्यासाठी राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेचं विहित प्रशिक्षण पूर्ण करावं लागतं. चोवीस वर्षांनंतरची निवड श्रेणी सरसकट मिळत नाही. वरिष्ठ श्रेणीतल्यांपैकी २० टक्क्यांनाच ती मिळते आणि तिला मूळ नेमणुकीच्या वरची शैक्षणिक अर्हता लागते. सेवेला अठरा-वीस वर्षं झाली असतील आणि शिक्षण नेमणुकीच्या वेळी होतं तिथेच थांबलं असेल, तर हीच वेळ आहे. चोविसाव्या वर्षी फॉर्म भरून काही उपयोग होत नाही.

टी.ई.टी. (शिक्षक पात्रता परीक्षा) नोकरीत असणाऱ्यांनाही द्यावी लागणार का?

सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी निकाल दिला. पहिली ते आठवीला शिकवणाऱ्या आणि निवृत्तीला पाच वर्षांपेक्षा जास्त सेवा बाकी असलेल्या शिक्षकांनी दोन वर्षांत टी.ई.टी. उत्तीर्ण व्हावं, असं त्यात म्हटलं आहे. पाच वर्षांपेक्षा कमी सेवा राहिलेल्यांना नोकरीत राहता येईल, पण पदोन्नती हवी असेल तर त्यांनाही ती लागेल. अल्पसंख्याक संस्थांचा प्रश्न न्यायालयाने मोठ्या पीठाकडे पाठवला आहे.

वीस-वीस वर्षं वर्ग सांभाळलेल्या माणसाला हे वाचून दुखतं. ते दुखणं खरं आहे आणि संघटनांनी ते मांडावं. पण अभ्यास थांबवू नका. पेपर एक पहिली ते पाचवीसाठी, पेपर दोन सहावी ते आठवीसाठी. प्रत्येकी १५० गुण आणि वेळ अडीच तास. चुकीच्या उत्तराचे गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न रिकामा सोडू नका. उत्तीर्ण व्हायला खुल्या प्रवर्गाला ६० टक्के, म्हणजे ९० गुण लागतात. राखीवला ५५ टक्के. पेपर एकमध्ये बालमानसशास्त्र, दोन भाषा, गणित आणि परिसर अभ्यास, प्रत्येकी ३० गुणांना. गणित-परिसर तर आपण रोजच शिकवतो. माणसं अडकतात ती बालमानसशास्त्रात आणि इंग्रजीत. रोज संध्याकाळी तास-दीड तास या दोनच विषयांना द्या आणि रविवारी घड्याळ लावून एक जुनी प्रश्नपत्रिका सोडवा. प्रमाणपत्र आता आजीवन चालतं, म्हणून एकदा पार पडलं की तो विषय संपला.

यंदा बी.एड.चा प्रवेश आणि टी.ई.टी. यांतलं एकच झेपणार असेल, तर आधी टी.ई.टी.

बी.एड. नियमित करू की मुक्त विद्यापीठातून?

नोकरीत असाल आणि डी.एड. झालेलं असेल, तर मुक्त विद्यापीठाचं बी.एड. तुमच्यासारख्यांसाठीच आहे. नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ साली सुरू झालं. त्याचं बी.एड. दोन वर्षांचं असून सेवेतल्या शिक्षकांसाठी आहे. इग्नूचंही तसंच आहे. ते दोन वर्षांचं, पण पूर्ण करायला पाच वर्षांपर्यंत मुभा. प्रवेशाच्या वेळी शाळेचा अनुभव दाखला लागतो, आणि त्यावरच्या तारखा सेवापुस्तकाशी जुळल्या पाहिजेत.

नियमित बी.एड.ला राज्याची सी.ई.टी. द्यावी लागते. २०१५ पासून हा अभ्यासक्रम दोन वर्षांचा झाला आहे. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या नियमांप्रमाणे त्यात तासांना ८० टक्के आणि शाळेतल्या आंतरवासितेला (प्रत्यक्ष शिकवण्याच्या सरावाला) ९० टक्के हजेरी लागते, आणि शाळेत घालवायचे आठवडेच एकूण वीस आहेत. आता सांगा, चोपड्याच्या शाळेत रोज सकाळी मस्टरवर सही करणारा माणूस त्याच दिवशी दुसऱ्या गावच्या बी.एड. कॉलेजात हजर कसा असेल? "नॉन अटेंडिंग करून देतो, सर, तुम्ही फक्त परीक्षेला या" असं सांगणारे एजंट दर जूनमध्ये फिरतात. परराज्यातल्या कॉलेजाचं नाव सांगतात, पैसे रोखीत मागतात. त्यांच्या नादी लागू नका. पुढे पडताळणीत दोन्ही मस्टरं समोरासमोर ठेवली की पदवीबरोबर नोकरीही धोक्यात येते. आपल्या भागातल्या साध्या, कष्टाळू शिक्षकांचे कर्ज काढून भरलेले पैसे असे बुडालेले पाहिले आहेत आणि त्याचा फार राग येतो.

विद्यापीठाला मान्यता आहे हे कसं ओळखायचं?

दूरस्थ किंवा ऑनलाइन अभ्यासक्रम असेल तर विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दूरशिक्षण मंडळाच्या संकेतस्थळावर विद्यापीठाचं नाव, अभ्यासक्रमाचं नाव आणि प्रवेशाचं वर्ष, तिन्ही तपासा. नुसतं विद्यापीठाचं नाव दिसलं म्हणजे झालं असं नाही. तो अभ्यासक्रम त्या वर्षी मंजूर हवा. बी.एड., एम.एड. असेल तर अध्यापक शिक्षण परिषदेची मान्यता वेगळी पाहा. हल्ली दूरस्थ किंवा ऑनलाइन प्रवेशाला विद्यार्थ्याचा डी.ई.बी. आयडी, म्हणजे दूरशिक्षण मंडळाचा ओळख क्रमांक, लागतो. तो तुम्ही स्वतः काढायचा असतो. कोणी म्हणालं, "तो लागत नाही, आम्ही बघून घेऊ", तर तिथूनच परत फिरा.

परवानगी घ्यावी लागते का? उशिरा घेतली तर चालते का?

घ्यावीच लागते, आणि प्रवेशाच्या आधी. अर्ज मुख्याध्यापकांमार्फत केंद्रप्रमुखांकडे आणि तिथून गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे जातो. खासगी शाळेत तो संस्थेकडे जातो. अर्जात अभ्यासक्रमाचं नाव, विद्यापीठ, कालावधी आणि संपर्क सत्रं (अभ्यासकेंद्रावर हजर राहायचे वर्ग) शाळेच्या वेळेत येतात की नाही हे स्पष्ट लिहा. शालेय कामकाजावर परिणाम होणार नाही, असं हमीपत्र जोडा. पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. आवक क्रमांक आणि शिक्का असलेली ती झेरॉक्स पुढे सोन्याच्या भावाची होते.

परवानगी मिळाली, पदवीही झाली, तरी अर्धंच काम झालेलं असतं. राहिलेलं अर्धं काम मूळ सेवापुस्तकातल्या नोंदीचं. ओळखीच्या एका मॅडमनी बी.एड. उत्तम गुणांनी पूर्ण केलं. गुणपत्रक लॅमिनेट करून लोखंडी कपाटात ठेवलं. पुढे तात्पुरती सेवाज्येष्ठता यादी लागली, तेव्हा त्यांच्या नावापुढच्या अर्हतेच्या रकान्यात "एच.एस.सी., डी.एड." एवढंच होतं. हरकतीची मुदत मॅडम एका लग्नाच्या धावपळीत असताना उलटून गेली. त्यांच्यानंतर बी.एड. झालेल्या सरांचं नाव मात्र वर होतं, कारण त्यांनी निकालाच्या आठवड्यातच नोंदीचा अर्ज दिला होता. यादी पुढच्या वर्षी दुरुस्त झाली, पण मधली पदोन्नती हातची गेली ती गेलीच.

म्हणून निकाल लागला की परवानगीचं पत्र, सर्व सत्रांची गुणपत्रकं आणि तात्पुरतं पदवी प्रमाणपत्र जोडून नोंदीसाठी अर्ज करा. नोंद झाल्यावर पान स्वतः पाहा. अर्हता, विद्यापीठ, निकालाची तारीख आणि अधिकाऱ्याची सही, चारही गोष्टी हव्यात. मोबाइलवर त्या पानाचा फोटो काढून ठेवा. शालार्थ या पगाराच्या ऑनलाइन प्रणालीतली माहितीही त्याच वेळी जुळवून घ्या. मूळ प्रमाणपत्रं लॅमिनेट करू नका. पडताळणीच्या वेळी त्रास होतो.

शाळा धडगाव तालुक्यात आहे. संपर्क सत्रांना जायचं कसं?

हा प्रश्न अक्कलकुवा, धडगाव, मोलगीकडच्या शिक्षकांनी विचारावाच, कारण बाकीच्यांना याची कल्पना नसते. शनिवारची सकाळची शाळा सुटली की एस.टी.ने घाट उतरून शहादा, तिथून दोंडाईचा, मग सुरत-भुसावळ मार्गावरच्या गाडीने अमळनेर नाहीतर जळगाव. रविवारचं सत्र करायचं आणि सोमवारी प्रार्थनेआधी पुन्हा वर पोचायचं. पावसाळ्यात दरड कोसळली की सगळंच कोलमडतं.

दोन गोष्टी करता येतात. एक, अभ्यासकेंद्र निवडताना घराजवळचं न बघता शाळेजवळचं बघा. आपलं घर पारोळ्याला आणि नोकरी तळोद्याला असली की मन पारोळ्याकडे ओढतं. पण वर्षभर प्रवास शाळेच्या गावातून करायचा असतो. दुसरी, स्वाध्याय मे महिन्यातच लिहून मोकळे व्हा. डोंगरात रात्री वीज आणि नेटवर्क यांचा भरवसा धरू नका. पुस्तकं आणि प्रश्नसंच सुट्टीतच मोबाइलवर उतरवून घ्या.

आणि एक फार मनापासून सांगावंसं वाटतं. बी.एड. किंवा एम.ए. शिक्षणशास्त्रात कृतिसंशोधन, म्हणजे आपल्याच वर्गातली अडचण घेऊन केलेला छोटा अभ्यास, करावं लागतं. त्यासाठी कुणाचा तरी जुना प्रकल्प उतरवून काढू नका. तुमच्या वर्गात पावरी किंवा भिली बोलणारं लेकरू पहिलीला येतं आणि त्याच्या हातात प्रमाण मराठीचं पुस्तक पडतं. त्याला आईच्या बोलीतून पुस्तकाच्या भाषेपर्यंत कसं आणायचं, यावर काम करा. वर्गातल्या वीस वस्तूंची नावं मुलांकडूनच त्यांच्या बोलीत घ्या, चित्राखाली दोन्ही नावं लिहून भिंतीवर लावा आणि तीन महिने वाचनाची नोंद ठेवा. साक्री-शिंदखेड्याकडे हेच अहिराणीत करता येईल. परीक्षकाला असा प्रकल्प लगेच वेगळा दिसतो, आणि तुमच्या वर्गाला त्याचा उपयोग त्याच वर्षी होतो. नंदुरबारचे शिक्षक जे रोज करतात ते पुण्या-मुंबईच्या प्राध्यापकांना पुस्तकातही वाचायला मिळत नाही. ते लिहिलं गेलं पाहिजे.

एम.ए. कोणत्या विषयात करू? सोपा विषय घेतला तर चालेल ना?

जो विषय शिकवता किंवा शिकवायचा आहे, त्याच विषयात. कनिष्ठ महाविद्यालयाची जागा विषयाची असते, इतिहासाचं एम.ए. मराठीच्या जागेला चालत नाही. गुण सहज मिळतात म्हणून विषय बदलणारे पुढे दोन्हीकडून अडकतात. इंग्रजी, गणित, विज्ञान कठीण वाटतात, पण ज्यांची पदवी त्या विषयात आहे त्यांनी तीच वाट धरावी.

एकाच वेळी दोन पदव्या करता येतात का?

येतात. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये तशी परवानगी दिली आहे. एक नियमित आणि एक दूरस्थ, किंवा दोन्ही दूरस्थ चालतात. दोन्ही नियमित असतील तर तासांच्या वेळा एकमेकांवर येता कामा नयेत. पीएच.डी.ला ही सवलत नाही. पण नियमात बसतं म्हणून करायलाच हवं असं नाही. शाळा, घर, निवडणुकीचं काम, सर्वेक्षण आणि वर दोन परीक्षा, यात दोन्हीकडे जेमतेम गुण पडतात, आणि ५० किंवा ५५ टक्क्यांची अट चुकली तर ती पदवी पुढे चालत नाही.

खासगी माध्यमिक शाळेत आहे. मुख्याध्यापक व्हायचं तर काय बघू?

खासगी शाळांतल्या कर्मचाऱ्यांची १९८१ ची सेवाशर्ती नियमावली वाचा, विशेषतः नियम ३ आणि ज्येष्ठतेची अनुसूची 'फ'. माध्यमिकच्या मुख्याध्यापकाला पदवी, बी.एड. आणि पदवीनंतर पाच वर्षांचा पूर्णवेळ अध्यापनाचा अनुभव लागतो. त्यातली किमान दोन वर्षं बी.एड. झाल्यानंतरची हवीत. म्हणजे बी.एड. जितकं लवकर, तितकी ही दोन वर्षं लवकर भरतात. डी.एड.वर लागलेल्यांसाठी ज्येष्ठतेत प्रवर्ग (अर्हतेप्रमाणे पाडलेला, आरक्षणाचा नव्हे) महत्त्वाचा असतो आणि तिथे व्यावसायिक अर्हता मिळाल्याच्या तारखेवरून वाद होतात. एकाच प्रवर्गात सलग नेमणुकीची तारीखही एकच असेल, तर वयाने मोठा तो ज्येष्ठ. संस्थेच्या ज्येष्ठता यादीवर दरवर्षी सही मागतात तेव्हा चहा पिता पिता सही करू नका. यादी घरी आणा, तारखा ताडून पाहा, चूक असेल तर लेखी कळवा.

एम.एड. आणि एम.ए. शिक्षणशास्त्र यांत फरक काय?

एम.एड. ही दोन वर्षांची व्यावसायिक पदवी आहे, प्रवेशाला बी.एड. किंवा त्यासारखी शिक्षक-प्रशिक्षणाची अर्हता लागते. एम.ए. शिक्षणशास्त्र ही विद्याशाखेची पदवी, इग्नूतून घरी बसून करता येते. दोन्हींवर शिक्षणशास्त्रातली नेट देता येते. अध्यापक महाविद्यालयाकडे वळायचं नक्की असेल तर एम.एड., अभ्यासाची आवड आणि वेळ कमी असेल तर एम.ए.

सेट आणि पीएच.डी. शाळेतल्या शिक्षकाने करावं का?

वरिष्ठ महाविद्यालयात जायचंय त्यांनी सेट जरूर द्यावी. महाराष्ट्र आणि गोव्यासाठी ती सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतं. पहिला पेपर ५० प्रश्न आणि १०० गुणांचा, दुसरा विषयाचा, १०० प्रश्न आणि २०० गुणांचा. इथेही चुकीला गुण कापत नाहीत. परीक्षेला बसलेल्यांपैकी साधारण ६ टक्केच पात्र ठरतात, तेव्हा पहिल्या खेपेला नाही जमलं तर खचू नका. जुलै २०२३ पासून सहायक प्राध्यापकाच्या थेट भरतीला नेट-सेट ही किमान पात्रता आहे आणि पीएच.डी. ऐच्छिक. म्हणून आधी सेट, मग पीएच.डी.

पीएच.डी. दूरस्थ पद्धतीने होत नाही. जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठासारख्या ठिकाणी अर्धवेळ करायची तर नोकरीच्या ठिकाणचं ना हरकत प्रमाणपत्र लागतं. किमान तीन वर्षं, जास्तीत जास्त सहा. शाळेतच राहायचं असेल तर पीएच.डी.ने वेतन वाढत नाही. विषयाची ओढ असेल तरच करा, आणि ओढ असेल तर अजिबात मागे हटू नका.

विशेष शिक्षणाचं बी.एड. उपयोगाचं आहे का?

आहे, आणि आपल्याकडे त्याची फार गरज आहे. २०१६ च्या कायद्याने २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांना मान्यता दिली, आणि विशेष शिक्षकांची पदं मंजूर करण्याबाबत सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये राज्यांना आदेश दिले. अभ्यासक्रम भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेलाच हवा आणि नंतर परिषदेकडे नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. नोंदणी नसेल तर विशेष शिक्षक म्हणून काम करता येत नाही.

दीक्षा, निष्ठा, स्वयम् या सरकारी ऑनलाइन प्रशिक्षणांची प्रमाणपत्रं पदोन्नतीला चालतात का?

पदवीच्या जागी नाही. पण राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये प्रत्येक शिक्षकासाठी वर्षाला किमान ५० तासांचा व्यावसायिक विकास अपेक्षित आहे आणि हे कोर्स त्यात येतात. स्वयम्‌वर शिकणं फुकट, परीक्षेचीच फी.

वय ४८ आहे. आता करून उपयोग?

जिल्हा परिषदेत निवृत्ती ५८ ला, म्हणजे दहा वर्षं हातात आहेत. निवड श्रेणी, केंद्रप्रमुख किंवा मुख्याध्यापकपद दृष्टीच्या टप्प्यात असेल तर दोन वर्षांचा अभ्यास परवडतो. टी.ई.टी.बाबतचा न्यायालयाचा निकाल तुम्हाला लागू होतोच, तेव्हा सुरुवात तिथून करा. नवीन विषयात एम.ए. धरून सेटपर्यंत जाण्याचा विचार मात्र या वयात नोकरीसाठी करू नका.

दहावीच्या प्रमाणपत्रावर माहेरचं नाव आहे, नोकरी सासरच्या नावाने. नवी पदवी कोणत्या नावाने घेऊ?

सेवापुस्तकात जे नाव आहे त्याच नावाने. प्रवेशाच्या आधी राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करून घ्या आणि विवाह नोंदणी दाखल्यासोबत तो जोडा. राजपत्राची प्रत आणि त्यातली तारीख सेवापुस्तकातही नोंदवून घ्या. प्रवेश अर्जात, परीक्षा अर्जात आणि डी.ई.बी. आयडीत स्पेलिंग एकच ठेवा. इंग्रजी अक्षरांत एखादा 'ए' कमी-जास्त झाला तरी पदवी प्रमाणपत्रावर तोच छापून येतो आणि मग दुरुस्तीसाठी विद्यापीठाकडे शुल्क भरून नव्याने अर्ज करावा लागतो.